सतरा वर्षांचा नवरदेव

"ऊठ वं पोरी, नानासले बसू दे."

जळगावच्या कोर्टातला व्हरांडा. बोलणारा नानांचा ड्रायव्हर. नाना म्हणजे ज्या राजूनं माझ्या बापाला मारलं, त्याचा चुलता. समोरचं बाक रिकामं होतं, तरी त्यांना माझंच हवं होतं. आई सवयीनं अर्धी उठलीसुद्धा. मी तिला हाताला धरून खाली बसवलं. नाना मग आमच्याच शेजारी टेकले.

आमचं गाव एरंडोल तालुक्यात. बाप त्यांच्याकडे सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी. सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला सुरू होतं, आखाजीला संपतं. त्या आखाजीला बाप म्हणाला, यंदा तुमच्याकडं नाही राहत. एवढंच म्हणाला. राजूनं त्याला खळ्यात काठीनं मारलं, मरेपर्यंत.

जन्मठेप झाली. वरच्या कोर्टानं कायम केली, त्याच्याही वरच्यानं केली. आम्हाला वाटलं, संपलं. अडाणीच आम्ही. पैसेवाल्याचं कधी संपत असतं का? मग अर्जांचा रतीब. आधी म्हणे साक्षीदार खोटे. फेटाळला. मग म्हणे वकील नीट लढला नाही. जिल्ह्यातला सगळ्यात महागडा वकील, बरं का. तोही फेटाळला. दर वेळी आईनं मजुरी बुडवायची, एसटीनं यायचं आणि नवऱ्याचं मरण पुन्हा ऐकायचं.

आता नवं. खून झाला तेव्हा म्हणे राजू सतरा वर्षांचा होता. लेकरू. कुठल्याशा शाळेचा दाखलाही पैदा झाला होता.

बाकावर नाना मला तुपाळ आवाजात बोलले, "राजूना वयनं माले काही माहीत नही, आत इतलंच सांग. बठ्ठं मिटी जाई. तुना भाऊले आम्हनाकडे सालदार ठेवसूत."

सगळं मिटवायचं म्हणे. बाप मारला, आता भाऊ द्या. वर उपकार.

आत सरकारी वकील कागदच चाळत बसले. मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, खुनाच्या आदल्या वर्षी या राजूचं लग्न झालं. मांडव माझ्या बापानं घातला, उष्ट्या पत्रावळी आम्ही उचलल्या. मग सोळाव्या वर्षी याला बोहल्यावर कोणी चढवलं? नाना इथंच आहेत. त्यांना विचारा."

साहेबांनी नानांना शपथेवर विचारलं. भरल्या कोर्टात घराण्याचं नाव निघालं ना! नाना ताठ झाले. म्हणाले, लग्नात पोराला एकवीस पूर्ण होती, आमच्या घराण्यात बालविवाह होत नाहीत.

त्यांच्या वकिलानं कपाळाला हात लावला. पुतण्या सुटला नाही तरी चालेल, इभ्रत राहिली पाहिजे. अर्ज फेटाळला.

पण त्यात कोर्टाची दुपार गेली. चोपड्याकडचा एक पावरा आदिवासी म्हातारा सकाळपासून दाराशी उकिडवा बसला होता. त्याचा पोरगा चोरीच्या शिक्षेत आत, आणि त्याचं पहिलंच अपील अजून कुणी ऐकलेलं नाही. त्या दिवशीही त्याचा पुकारा झाला नाही. तरी कैद्यांना कोर्टाचं दार बंद करा, असं मी म्हणणार नाही. बंद दारात बोटं सापडतील ती त्याच्या पोराची. राजूसाठी खिडक्या निघतील.

बाहेर नाना दात दाखवत म्हणाले, "आखो अर्ज करसूत."

करा पुन्हा. दर अर्जाला मी समोर उभी असेन. कोर्टाचा वेळ खाल्ल्याचा दंड मागेन, आणि तुमचं प्रत्येक खोटं पत्रकात छापून तुमच्याच गावच्या बाजारात वाटेन. राजू आत म्हातारा होऊ दे. मला घाई नाही.