तिसऱ्या दिवशी दुखलेला खांदा

वहिनीला कावळा शिवला की स्वयंपाक माझ्या गळ्यात पडायचा. घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत ती तीन दिवस खिडकीशी चटईवर बसायची आणि मी कॉलेज बुडवून चपात्या लाटायचे. ऐंशीनंतरची गोष्ट, पण आमच्या घरात हे चालायचं. मला भयंकर राग यायचा आणि तो निघायचा तिच्यावरच.

त्या खेपेला ती बसली तेव्हाच तिचा चेहरा पांढराफटक होता. "ओटीपोटात उजवीकडेच दुखतंय गं, एकाच बाजूला," म्हणाली. विटाळही अगदी थोडा, नुसते डाग.

"तुझी नेहमीचीच रड," मी म्हटलं. काय जीभ होती माझी!

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणते, "खांदा फार दुखतोय, जरा चोळून देशील?"

पोट दुखणाऱ्या बाईचा खांदा कसा दुखेल? "नाटकं पुरे. तुला शिवून मी परत आंघोळ करू होय?" मी लांबूनच बामची बाटली तिच्याकडे सरकवली.

तासाभरात ती मोरीपाशी कोसळली. आई विटाळबिटाळ विसरून धावली. दादा कामावर गेलेला. आम्ही दोघींनीच तिला रिक्षात घातलं.

नर्सिंग होममधल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाळी कधी आली?"

"परवा. आज तिसरा दिवस," आई म्हणाली.

"त्याआधीची?"

"येते की दर महिन्याला, वेळेवर."

बाईंनी पोट दाबलं तशी वहिनी कळवळली. बाई तिच्यावर वाकल्या. "खांदा दुखतो का?"

वहिनीने मान हलवली. मला एकदम आठवलं, गेल्या महिन्यात मी पोळपाटाला हातच लावला नव्हता. आई महिनाभर गावी होती; ती नसली तरी वहिनी बसायचीच, पण चपात्या चुकल्या म्हणून मी मजेत होते, कशाला विचारते? "मागच्या महिन्यात ती बसलीच नव्हती," मी म्हणाले.

"मग ही पाळी नव्हे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पडदा ओढला. पोटातलं दाखवणारं मशीन तिथे नव्हतं. सुईने आतलं रक्त ओढून ते काचेच्या छोट्या बाटलीत घेऊन त्या बाहेर आल्या. काळपट रक्त. बाटली तिरकी करायच्या, थांबायच्या, पुन्हा तिरकी करायच्या. मिनिटं जात होती आणि रक्त पातळच राहिलं होतं. ते गोठावं म्हणून मी देवाचा धावा करत होते. का, ते मला ठाऊक नव्हतं.

"गोठत नाही. शिरेतलं असतं तर गोठलं असतं, म्हणजे हे पोटात साचलेलं आहे. गर्भ पिशवीत नाही, नळीत राहिलाय, आणि नळी फुटलीय. पोटात रक्त झालं की खांदा दुखतो. कधीपासून दुखत होता?"

"मला तर काही बोलली नाही," आई म्हणाली.

"सकाळपासून," मी म्हणाले. बामचं सांगायची हिंमत झाली नाही.

लगेच ऑपरेशन केलं, नळी काढावी लागली. वहिनी वाचली. दुसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले तेव्हा मी तिचा खांदा चोळत बसले होते. ती अंग चोरून बाजूला सरकायला बघू लागली.

"अगं, शिवू नकोस," ती पुटपुटली. "चौथा दिवस लागला का?"