दर्भाचा कावळा

बायकोच्या दहाव्याला उणकलच्या तळ्याकाठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. "पोरात जीव अडकलाय तिचा," सगळे म्हणाले. कडक रोट्या विकून तिनं त्याला परदेशी धाडलं होतं. आता त्याची तिकडं स्वतःची कंपनी आहे, देशोदेशीचा पैसा फिरवतो. आई मेल्यावर आठव्या दिवशी उगवला होता.

घड्याळ बघत तो म्हणाला, "अप्पा, दर्भाचा कावळा करून शिववा की. माझं विमान चुकेल."

माझं डोकं फिरलं. "दर्भाचा कावळा चालतो, तर दर्भाचा मुलगाही चालेल. नीघ तू."

तो खरंच निघाला. भटजींनी दर्भ पुढं केला. मी तो तळ्यात फेकला आणि म्हणालो, "खरा कावळा येईपर्यंत मी इथनं उठत नाही."