अवसरीच्या उसातला सेबरटूथ

वासराच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी ओरखडे होते. चार-चार रेघांचे, चांगले खोल. मान मात्र साफ होती. मी केस बाजूला सारून दोनदा बघितलं, दाताची एकही खूण सापडली नाही.

“नखं बिबट्याची आहेत,” मी म्हणालो. “पण मग हा चावला कसा नाही?”

वासरू दिनकररावांचं. ते गोठ्याच्या दारात हाताची घडी घालून उभे होते. “चावंल कसा, डॉक्टर? दात एवढाले लांब. तोंडात मावत न्हाईत त्याच्या.” त्यांनी वीत करून दाखवली.

मी हसलो. ती माझी पहिली चूक.

दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. मी मंचरजवळच्या सरकारी दवाखान्यात जनावरांचा डॉक्टर होतो. जुन्नर-आंबेगावात ऊस वाढला तसा बिबट्याही उसात राहायला आला होता. त्याची पिल्लं उसात जन्मत आणि उसालाच जंगल समजत. फॉरेस्टवाले बिबट्या पकडला की मला बोलवायचे. त्यामुळे या जनावराची मला बऱ्यापैकी ओळख होती आणि त्या ओळखीचा थोडा तोराही होता.

लांब दातांचा वाघ बघितला होता ठमाबाईने. ती आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातली. भाताची कापणी झाली की ती आणि तिचा नवरा दिनकररावांच्या अवसरीच्या मळ्यात कामाला यायचे. विहिरीजवळ जनावरांना पाणी पाजायचा हौद होता आणि हौदाशेजारी बाभळ. त्या बाभळीला साडीची झोळी बांधून ती आपल्या वर्षाच्या मुलीला झोपवायची. दिवस मावळताना तिला हौदावर वाघ दिसला, तोंडातून दोन लांब दात बाहेर आलेला. तिने पोरीला उचललं आणि घर गाठलं.

दिनकररावांचा मुलगा पुण्यात कॉलेजला होता. सुट्टीत घरी आला होता. केबलवर हिंदीत प्राण्यांचे कार्यक्रम बघायचा त्याला नाद होता. ठमाबाईचं ऐकून तो म्हणाला, “अरे, हा तर सेबरटूथ! जुन्या काळचा लांब सुळ्यांचा वाघ!” दोन दिवसांत सगळ्या अवसरी बुद्रुकला तो शब्द पाठ झाला.

मी फॉरेस्टच्या रेंजरसाहेबांना फोन केला. पिंजरा हवा होता.

“डॉक्टर, माझ्याकडे पिंजरे किती आणि मागणारी गावं किती, तुम्हाला माहितीय,” ते म्हणाले. “जिथे खरा बिबट्या आहे तिथे देऊ का तुमच्या सेबरटूथला देऊ? उद्या डायनासोर आला म्हणून फोन कराल.”

“साहेब, ओरखडे मी स्वतः बघितलेत.”

“मग आधी ते लांब दातांचं खूळ काढा त्यांच्या डोक्यातून. मी वर काय लिहू? तुम्ही शिकलेले आहात, जरा समजावून सांगा.”

शिकलेल्या माणसाला एवढं बोललेलं पुरतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तयारीने गेलो. कॉलेजच्या दिवसांपासून सांभाळलेली कुत्र्याची कवटी पिशवीत घेतली. ज्वारीच्या धाटाचे वीतभर दोन तुकडे चाकूने चपटे केले, टोकाला बाक दिला आणि चिकटपट्टीने कवटीच्या वरच्या सुळ्यांना बांधले. गोठ्यासमोर वीस-पंचवीस माणसं जमली होती. मी कवटी उंच धरली आणि सुरू झालो.

म्हणालो, सेबरटूथला वाघ म्हणतात, पण हा वाघही नाही आणि बिबट्याही नाही. मांजराच्याच कुळातलं, पण वेगळ्या फांदीवरचं जनावर. हजारो वर्षांपूर्वी संपलं. त्याचे सांगाडे अमेरिकेत ढिगाने सापडतात. त्याचा सुळा गोल नाही, चपटा. सुरीसारखा. भोसकायला चांगला, पण आडवा पीळ बसला की मोडणार. म्हणून हे जनावर आधी पुढच्या जाडजूड पायांनी शिकार जमिनीवर दाबून धरायचं, ती हलेनाशी झाली की मगच गळ्यात सुळे घालायचं. शेपूट आखूड, कारण पाठलाग करायचाच नव्हता.

“पण एवढे दात असल्यावं घास घ्यायचा कसा, राव?” एका म्हाताऱ्याने विचारलं.

मला हाच प्रश्न हवा होता. कवटीचा खालचा जबडा उघडून दाखवला. आपल्या बिबट्याचं तोंड जेवढं उघडतं त्याच्या जवळजवळ दुप्पट त्याचं उघडायचं. खालच्या जबड्याच्या मागे हाडाचा एक उंचवटा असतो. चावायचा मोठा स्नायू त्याला चिकटतो. सेबरटूथमध्ये हा उंचवटा बुटका असतो, म्हणून तोंड एवढं फाकायचं. पण त्यामुळे चावा कमजोर. सगळा जोर मानेचा. आणि तोंड मिटलं की दोन्ही सुळे हनुवटीच्या दोन बाजूंना सरळ खाली उतरायचे, दोन्ही सारखे.

माणसं मन लावून ऐकत होती. माझं मलाच बरं वाटत होतं. शेवटी म्हणालो, “तेव्हा असलं काही अवसरीत येणार नाही. संध्याकाळची वेळ, बाई घाबरली, भास झाला.”

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, “ठमे, तुझा वाघ मेला की गं हजार वर्सांमागं!”

ठमाबाई मागे पोरीला खांद्यावर घेऊन उभी होती. ती हसली नाही. पुढे आली.

“सायब, मी हात लावू का त्याला?”

“ए, गप गं,” दिनकरराव म्हणाले.

मी कवटी तिच्यापुढे धरली. खरं सांगायचं तर मोठेपणा दाखवायला धरली. तिने पोरीला शेजारच्या बाईकडे दिलं. माझी चिकटपट्टी सोडवली. एक धाट डोळ्याच्या खाली, ओठाच्या कडेला धरलं, तिरकं, टोक पुढे. दुसरं खालच्या जबड्याला, हनुवटीच्या खालून.

“असं व्हतं. एक हितनं, एक हितनं. सारखं नव्हतं. आन तुमी म्हनता तसं तोंड मिटत नव्हतं त्याचं. लाळ गळत व्हती. पानी प्यायला मान वाकडी करायचा, पन जीभ पोचत नव्हती.”

मी तिने धरलेली धाटं निरखून बघितली. खालच्या जबड्यातून वीतभर दात कुठल्याच मांजराला कधी आलेला नाही. डोळ्याखाली तर दाताचं मूळ असतं, टोक नव्हे. आणि जे तोंड मिटत नाही ते लांब दातांचं नसतं, दुखऱ्या तोंडाचं असतं. हे मला पहिल्या दिवशी, त्या वासराची मान बघतानाच कळायला हवं होतं.

“दातांचा रंग कसा होता?” मी विचारलं. पहिल्यांदाच विचारलं.

“पांढरा. मधी मधी काळा.” ती थांबली. हातातल्या धाटाकडे तिने बघितलं. “सायब, साळूचा काटा तर नसंल?”

साळू म्हणजे साळिंदर. अंगावर वीत-वीत लांब काटे असलेलं जनावर. बिबट्या त्याच्या वाटेला गेला तर काटे तोंडात घेऊन येतो.

“तुला आधी का नाही सुचलं हे?”

“समदी दातच इचारत व्हती. किती लांब, किती लांब. रंग कुनी इचारला न्हाई.”

आता कुणी हसत नव्हतं. तोंडात काटे असलेला बिबट्या डुक्कर मारू शकत नाही, कुत्रं पळवू शकत नाही. वासरावर झडप घालून त्याला हात हलवत जावं लागलं होतं. भुकेने तो दिवसेंदिवस जास्त धीट होणार आणि सर्वांत सोपं, सर्वांत लहान काय आहे ते शोधणार. हौदाशेजारच्या बाभळीला झोळी होती. दोन दिवस मी हसण्यात आणि भाषणाच्या तयारीत घालवले होते आणि ते मूल त्या दोन्ही दिवशी तिथेच झोपलं होतं, कारण कामावरच्या बाईला झोळी बांधायला दुसरी सावली नव्हती.

दिनकररावांच्या घरूनच फोन केला. रेंजरसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. एवढंच म्हणाले, “संध्याकाळपर्यंत पिंजरा येतो. बाईला सांगा, पोर घरात ठेव.”

पिंजरा कुठे लावायचा हे ठमाबाईनेच दाखवलं. बिबट्या उसातून कुठल्या सरीने बाहेर येतो, ते तिने ओल्या मातीतल्या पावलांवरून हेरून ठेवलं होतं. आत नेहमीप्रमाणे शेळी बांधून उपयोग नव्हता. हाडं काढलेलं कोंबडीचं मांस आणि घमेलंभर पाणी ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो आत बसलेला होता. नर, तीन-चार वर्षांचा, बरगड्या मोजता येतील असा.

भूल दिली. वरच्या ओठात एक काटा, पार हिरडीत घुसलेला. दुसरा हनुवटीतून वर जिभेखाली. तिसरा अर्धा मोडून गालात राहिला होता, तो बाहेरून दिसतच नव्हता. चिमट्याने एकेक सरळ ओढून काढले, पू काढला, जखमा धुतल्या. त्याचे स्वतःचे चारही सुळे शाबूत होते, जेमतेम माझ्या अंगठ्याएवढे. आठवडाभर फॉरेस्टच्या ताब्यात ठेवून औषध दिलं. मग पश्चिमेच्या जंगलात सोडला.

त्याला सोडायच्या आधी रिपोर्ट लिहिताना रेंजरसाहेब म्हणाले, “माहिती देणाऱ्याचं नाव? दिनकररावांचं टाकतो.”

“नाही,” मी म्हणालो. “ठमाबाईचं.”

“पूर्ण नाव?”

मला माहीत नव्हतं. अमेरिकेतल्या मेलेल्या जनावराचा जबडा किती उघडतो ते माहीत होतं. मी मोटरसायकल काढली आणि मळ्यात गेलो. ती खुरपत होती. नाव कशाला पाहिजे म्हणून आधी घाबरली. पोलिसात जायचं का, विचारलं. मी सगळं समजावलं, तिच्यावर हसल्याबद्दल माफी मागितली. तिने पदराने हात पुसले आणि विचारलं, “खायला लागला का तो?”

“लागला. काल चार किलो खाल्लं.”

“मग लिवा,” ती म्हणाली आणि नाव सांगितलं.

त्या बाईचा मी आजही आभारी आहे. तिने एक जनावर वाचवलं, स्वतःचं पोर वाचवलं आणि एका डॉक्टरला ऐकून घ्यायला शिकवलं. नंतरच्या नोकरीत कुणी काहीही बघितल्याचं सांगत आलं, भूत म्हणालं तरी, मी आधी कुठे, किती उजेडात आणि कुठल्या रंगाचं ते विचारायचो. असं काही नसतं हे सांगायला नंतर भरपूर वेळ मिळतो.