मोजून दिलेलं पाणी

आजारी माणसाला भेटायला येणाऱ्यांपासून वाचवणारं औषध अजून कुणी काढलेलं नाही. किडनीवर संशोधन करणाऱ्यांनी आधी ते काढावं, बाकीचं मागाहून बघता येईल, असं माझं मत आहे आणि ते मी दवाखान्यात सगळ्यांसमोर बोलूनही दाखवलं होतं.

आमच्या यांचे गुडघे दुखायचे. आमच्या गावात, बोरीत, गुडघ्याला एकच इलाज चालतो, मेडिकलवर जायचं आणि दुखण्याची गोळी मागायची. डॉक्टर कशाला, मेडिकलवाला ओळखीचा आहे ना! मी आयुष्यभर चौथीच्या पोरांना शिकवलं, पण घरातल्या या एका विद्यार्थ्यापुढे हात टेकले. मे महिन्यात हे एका लग्नात जेवून आले आणि जुलाब-उलट्या सुरू झाल्या. अंगातलं पाणी चाललं होतं, तरी गोळी चालूच. शेवटी लघवीच बंद झाली. परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून विचारलं, "दुखण्याच्या गोळ्या किती खाल्ल्या?" तेव्हा हे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच खाल्ल्या होत्या.

डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाची. तिनं मला बाजूला बसवून सांगितलं, की अशी अचानक बसलेली किडनी पुष्कळदा आपणहून परत चालू होते. तोवर रक्त धुणारं डायलिसिसचं मशीन लगेच लावावं, की लक्ष ठेवून थांबावं आणि गरज पडली तरच लावावं, याचा त्या दवाखान्यात अभ्यास चालू होता. कोण कुठल्या गटात, ते कॉम्प्युटर ठरवणार. "थांबलेलं बरं की नाही, ते तुम्हाला माहीत नाही?" मी विचारलं. ती म्हणाली, "नक्की माहीत नाही काकू, म्हणून तर अभ्यास." इतकं खरं बोलणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच बघितला. मी सही केली, यांनीही केली. हे थांबणाऱ्यांच्या गटात गेले.

झालं, माझे दीर उगवले. आयुष्यात कधी स्वतःचं बीपी मोजलं नाही, पण दुसऱ्याच्या आजारात उंटावरून शेळ्या हाकायला सगळ्यांच्या पुढे.

"वहिनी, हे लोकं चिठ्ठ्या टाकून इलाज करायलेत अन् तुमी सही करून बसलात? दादाला उंदीर समजायलेत का? नांदेडला न्या, लगेच मशीनवर घेतेत."

मशीन लागलं म्हणजे आजार मोठा, आजार मोठा म्हणजे माणूस मोठा, असा त्यांचा हिशेब. बिनमशीनचा पेशंट म्हणजे त्यांना बिनबँडची वरात वाटत होती. मी हलले नाही. पण खरं सांगते, आतून मी पार घाबरले होते. यांना काही झालं असतं तर ती सही मला जन्मभर पुरली असती.

यांना पाणी मोजून द्यायचं होतं. काल जेवढी लघवी झाली त्याच्या हिशेबानं आज पाणी, आणि लघवी तर थेंबभर. तो मापाचा प्लॅस्टिकचा पेला माझ्या ताब्यात होता. हे दिवसभर त्या पेल्याकडे बघायचे आणि मी दुसरीकडे बघायचे. शहाळं, केळी, फळांचा रस तर अगदीच बंद. त्यात पोटॅशियम असतं. ते लघवीवाटे निघून गेलं नाही तर रक्तात साठतं आणि काळीज बंद पाडतं, हे डॉक्टरीणबाईंनी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. प्रत्येकानं मान डोलावली आणि प्रत्येकजण दुसऱ्या दिवशी शहाळं घेऊन आला. रिकाम्या हातानं कसं यायचं? दवाखान्याच्या दारातला शहाळेवाला आमच्या सोयऱ्यांवर पोसला जात होता. मी सगळी शहाळी नर्सेसना वाटून टाकली.

मग सोनपेठहून माझ्या नणंदबाई आल्या. यांची थोरली बहीण, आम्ही त्यांना आक्का म्हणतो. त्या येऊन टेकल्या म्हणून मी घटकाभर आंघोळीला गेले. परत आले तर कॉटखाली दोन शहाळी, दोन्ही रिकामी. संध्याकाळच्या तपासणीत पोटॅशियम चढलेलं, ईसीजीची पट्टी बिघडलेली. धावपळ करून यांना मशीनवर घेतलं. मी व्हरांड्यात आक्कांना काय काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या पदर तोंडाला लावून बसल्या. त्यांच्याशेजारी उभं राहून दीर म्हणाले, "शेवटी मशीन लागलंच ना? म्या पयलेच म्हणलो होतो."

दोनदा मशीन लागलं, आणि मग एका सकाळी कॉटला लावलेल्या पिशवीत लघवी दिसली. त्या पिवळ्या पाण्याकडे बघून मी रडले. दीर म्हणाले, "बघा, आक्काच्या नारळपाण्यानंच सुटली." आता बोरीत हेच सांगितलं जातं. लघवी अडलेल्या दोघांना तरी दिरांनी हा इलाज सांगितल्याचं माझ्या कानावर आलं आहे. ते दोघे त्यातूनही वाचले, हे त्यांचं नशीब.

घरी सोडायच्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "तुमच्या अभ्यासात नीट लिहा हं. मशीन लागलं ते थांबल्यामुळे नाही, माझ्या नणंदेमुळे."

"कारण लिहिलंय काकू," ती म्हणाली. "पण काका मोजले जाणार थांबणाऱ्यांच्याच गटात."

"म्हणजे आक्कांचं खापर तुमच्या इलाजावर?"

"पुढच्या पेशंटलाही तहान लागणार, त्यालाही बहीण असणार. अशाच माणसाला चालेल असा इलाज आम्हाला शोधायचाय."

एवढं शिकून हेच का, असं मला तेव्हा वाटलं. मला कुणीतरी ठणकावून सांगायला हवं होतं, की चूक कुणाची.

गाडी परभणीतून बाहेर पडली. मी आक्कांच्या नावानं तोंड चालवतच होते. मध्येच हे म्हणाले, "तिला बोलू नको. म्याच मागितलं तिला. लय तहान लागली होती."

"मला का नाही मागितलंत?"

"तू दिलं असतंस?"

"नसतं दिलं," मी म्हणाले.

आक्कांनी माझं एवढं ऐकून घेतलं, पण भावाचं नाव घेतलं नव्हतं.