मी वाटलेले प्रश्न

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दहावीच्या वर्गात परीक्षेला येऊ शकणारे प्रश्न सांगत होतो, उत्तरांसकट, आणि मुलं खाली मान घालून उतरवून घेत होती. फोन नांदेडहून होता, निटुरे बाईंच्या मुलीचा, विजयाताईंचा. "प्रकाशदादा, आई गेली… सकाळी." मी व्हरांड्यात आलो. रडू यायला हवं होतं. पण खरं सांगतो, आधी सुटल्यासारखं वाटलं. आता बाईंना तोंड दाखवायला नको, हा पहिला विचार आला. त्याला दोन महिने झाले, पण लाज काही गेलेली नाही.

निटुरे बाई देवणीला आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायच्या. त्यांच्या घरी कानडी बोलायचे. धडा वाचून झाला की त्या आम्हाला पुस्तक मिटायला लावायच्या आणि म्हणायच्या, आता तुम्ही विचारा. आम्हाला विचारायची सवय कुठली? कुणीतरी विचारायचं, "बाई, राजाचं नाव काय?" बाई म्हणायच्या, "पुस्तक उघड. घावलं? ठेव बोट. ज्याच्यावर बोट ठेवता येतंय ते मला कशाला इचारायलास?" मग दुसरा प्रश्न सुचेपर्यंत तो उभा. मारणं नाही, ओरडणं नाही. बाईसुद्धा त्याच्याबरोबर उभ्याच राहायच्या. बरा प्रश्न सुचला तरी सुटका नव्हती, लगेच त्यांचं कानडी "याके?" यायचं. म्हणजे का? तुला हे का विचारावंसं वाटलं? आम्ही पाठीमागं त्यांना याकेबाई म्हणायचो, आणि ते त्यांना माहीत होतं.

सातवीत एक धडा होता. राजा एका गावाला विहीर बांधून देतो आणि गाव त्याचा जयजयकार करतं. माझी आई तेव्हा डोक्यावर घागरी घेऊन लांबून पाणी आणायची. मी उठून विचारलं, "बाई, विहीर नव्हती तवा त्या गावातल्या बाया पाणी कुठनं आणत होत्या?" बाई म्हणाल्या, "याके?" मी म्हणालो, "आमची आई लई लांबनं आणती, म्हणून." बाईंनी पुस्तक पुन्हा उघडून धडा चाळला. मग म्हणाल्या, "मला न्हाई माहीत. एवढी वर्षं हा धडा शिकवायलेय, पण हे मला कधी सुचलंच न्हाई." बाईंना न येणारं काही आपण विचारू शकतो, एवढ्या एका गोष्टीच्या जोरावर मी पुढं शिकलो, बी.एड. केलं आणि लातूरच्या एका चांगल्या चालणाऱ्या शाळेत मराठीचा मास्तर झालो.

आणि तिथं आल्यावर ते सगळं गुंडाळून ठेवलं. आमच्याकडे मुलांना एकच प्रश्न पडतो, सर, हे परीक्षेला येतं का? सुरुवातीला मला राग यायचा. पुढं मीच वर्गात शिरता शिरता सांगू लागलो, हे येतं, हे सोडून द्या. निकाल चांगले लागत गेले, पालक खूश, मीही खूश. बाईंना अधूनमधून फोन करायचो. त्या विचारायच्या, "पोरं इचारतात का रे?" "इचारतात की बाई, लई इचारतात." जीभ जराही अडखळत नसे.

गेल्या हिवाळ्यात शाळेच्या कार्यक्रमाला पाहुणे कोण, हा विषय निघाला आणि मी फुशारकीत बाईंचं नाव सांगून बसलो. बाई म्हणाल्या, "भाषण न्हाई करणार. तो विहिरीचा धडा वाचते, मग पोरं इचारतील." आमची पोरं काय विचारणार, ते मला माहीत होतं. आदल्या दिवशी मी दहा प्रश्न लिहिले, दहा हुशार मुलांना चिठ्ठ्या वाटल्या, क्रम ठरवून दिला, दोनदा सरावही करून घेतला. खरं तर नऊच सुचले होते. दहावा काही सुचेना, तेव्हा सातवीतला माझा स्वतःचा प्रश्न एका मुलीला देऊन टाकला.

बाई नांदेडहून एसटीने आल्या, काठी टेकत. धडा वाचला, पुस्तक मिटलं. पहिल्या तीन प्रश्नांना त्यांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, निभावलं. चौथी ती मुलगी होती. ती शुद्ध पुस्तकी भाषेत म्हणाली, "विहीर नव्हती तेव्हा त्या गावातील स्त्रिया पाणी कोठून आणत होत्या?" बाई थांबल्या… "याके, बाळा? तुला का इचारावंसं वाटलं?" याचं उत्तर चिठ्ठीत नव्हतं. मुलीनं माझ्याकडं बघितलं. मग उरलेल्या नऊ जणांनी बघितलं. बाईंनी मात्र माझ्याकडं बघितलं नाही. "बस हां. प्रश्न चांगला हाय," म्हणाल्या आणि पुढचे सहाही प्रश्न शांतपणे ऐकून घेतले.

परतताना मी त्यांना बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून त्या एवढंच म्हणाल्या, "पोरं गुणी हायत रे. बिचाऱ्यांनी लई पाठ केलं." बस सुटायला वेळ होता. आत जाऊन, बाई, चुकलो, एवढं म्हणता आलं असतं. मी पाण्याची बाटली आणून दिली. नंतर त्यांचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. आजारी आहेत असं ताईंनी कळवलं, तरी गेलो नाही. लातूरहून नांदेड काय फार लांब आहे?

शिवगणाराधनेला, म्हणजे बाईंच्या दिवसकार्याला, मात्र गेलो. जमलेल्या पाहुण्यांना ताई माझी ओळख करून देत होत्या, "हे प्रकाशदादा. आईचं काम आता हेच चालवायलेत. लातूरहून आल्यावर आई सांगत होती, प्रकाशच्या पोरांनी लई चांगले प्रश्न इचारले म्हणून." मी हात जोडून उभा राहिलो. तसं नाही, असं म्हणालो नाही. जेवणं झाल्यावर ताईंनी आतल्या खोलीत नेऊन बाईंची एक जाड वही दाखवली. मुलांचे बरे प्रश्न बाई तिच्यात लिहून ठेवत, खाली मुलाचं नाव आणि गाव. माझाही होता, आईच्या घागरींसकट. शेवटच्या पानावर वर "लातूर, प्रकाशची शाळा" एवढंच लिहिलेलं, खाली काही नाही. "आईचं लिहायचं राहून गेलं बघा," ताई म्हणाल्या, "तुम्हाला ते प्रश्न आठवत असतील, तुम्हीच लिहा." आणि वही माझ्या पिशवीत घातली.

तेव्हापासून वही माझ्या टेबलावर आहे. एकदा पेनाचं टोपणसुद्धा काढलं होतं, तेही सांगून टाकतो. विजयाताई, वर्तमानपत्राची ही पुरवणी नांदेडला तुमच्याकडे येते, म्हणून इथं लिहितोय. तोंडावर सांगायची छाती झाली नाही. आईंचं लिहायचं राहून गेलेलं नव्हतं. त्या दिवशीचा एकेक प्रश्न मी वाटलेला होता आणि त्यांना ते तिथंच कळलं होतं. माझी लाज राखायला त्या तुमच्याशी खोटं बोलल्या… वहीत मात्र त्यांना खोटं लिहिता आलं नाही. येत्या रविवारी वही घेऊन येतो. त्या पानावर मी काही लिहिलेलं नाही.