मागच्या दाराला कुलूप

लातूर नवा जिल्हा झाला आणि वडिलांची नांदेडहून तिकडे बदली झाली. नव्या कचेऱ्या निघाल्या होत्या, टेबलखुर्च्या आल्या होत्या, बसायला माणसं कमी पडत होती. आईलाही तिथल्याच एका शाळेत घेतलं. मी नांदेडला कॉलेजात शिकत होते आणि सुट्टी लागली की एसटीने लातूर गाठायचे.

वडिलांनी गंज बाजाराच्या मागच्या जुन्या गल्लीत घर घेतलं होतं. मूळ मालक मुलांकडे हैदराबादला निघाला होता आणि त्याला घाई होती. त्याने घर बौद्धांना विकलं, यावर गल्लीत काय बोलणं झालं असेल ते झालं. आमच्या तोंडावर कुणी अवाक्षर काढलं नाही. घराचा पुढचा भाग त्यानेच पाडून सिमेंटचा केला होता. मागे परसात मात्र जुना आड होता, घडीव दगडांचा, काठावर दोऱ्यांच्या खाचा पडलेला.

त्या वर्षी दुष्काळ होता. गल्लीतले बाकीचे आड माघातच आटले. टँकर गल्लीच्या तोंडाशी यायचा, आत वळायला त्याला जागाच नव्हती. आमच्या आडाला मात्र पाणी होतं. का होतं ते देव जाणे, आणि आमच्या घरात तर देवही नव्हते. मग सगळी गल्ली पहाटेपासून आमच्याकडे. पण यायची मागच्या बोळातून, परसाच्या दारानं. येताना प्रत्येकीच्या हातात आपापली दोरी आणि आपापला पोहरा. आमचा पोहरा रहाटाशेजारी खुंटीला लटकलेला असायचा, त्याला कुणी हात लावायचं नाही. शेजारच्या काकूंना मी एकदा सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमचा लई जड हाय गं माय. माझं मनगट दुखतंय." त्यांचा पोहरा आमच्यापेक्षा दीडपट मोठा होता.

मी भडकायचे. तेव्हा माझं डोकं तापायला फार वेळ लागत नसे, आताही लागत नाही. आईला म्हटलं, "आडावर पत्रा टाक आणि कुलूप घाल. पाणी चालतं, आपण चालत नाही का?"

आई भाकरी थापत होती. म्हणाली, "पाण्यासाठी आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली. आता पाणी आपल्या दारात आलं, तर आपण कुणाला अडवायचं नाही."

"मग हे असंच चालू द्यायचं?"

"मला एकदा बघायचंय," ती म्हणाली. "या गल्लीतलं कुणीतरी पुढच्या दारानं येऊन, आपल्या बैठकीत बसून, आपल्या पेल्यानं पाणी पितं का. तेवढंच बघायचंय."

मला हे फारच थोडं मागणं वाटलं. तिला ते फार मोठं वाटत होतं, आणि वर्ष होत आलं तरी ते पुरं झालं नव्हतं.

चैत्रात गल्लीच्या मंडळाने एक कार्यक्रम काढला. जिल्ह्यामुळे गावात साहेबलोक आले होते, बायकापोरांसह. त्यांना लातूर म्हणजे अडतबाजार आणि धूळ एवढंच माहीत. तेव्हा एका रविवारी गल्लीतली जुनी घरं उघडी ठेवायची, पाहुण्यांना फिरवून दाखवायची आणि संध्याकाळी देवळापुढे भजन ठेवायचं, असं ठरलं. कल्पना एका रिटायर हेडमास्तरांची. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. कुठल्या घरी नक्षीचं दार, कुठे भिंतीत धान्याचं बळद, कुठे भर उन्हात गार राहणारं मातीचं माळवद, सगळं त्यांना पाठ होतं. दर घरी पाहुण्याला गूळ-पाणी द्यायचं हेही ठरलं. दुष्काळ असला म्हणून काय झालं, आल्यागेल्याला पाणी न विचारणारं घर आमच्याकडे घर समजत नाहीत.

गुरुजी आमच्याकडेही आले. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच आईला म्हणाले, "बाई, तुमचा आडही दाखवायचा आहे. जुना आहे, बांधणी उत्तम आहे. मागच्या बोळातून आणतो सगळ्यांना. तुम्हाला त्रास नको."

"आणि घर?"

"घर नवं आहे ना हो. कार्यक्रम जुन्याचा."

बोलणं बिनतोड होतं. त्या गल्लीत आमच्याशी जे जे होई त्याला नेहमी असं बिनतोड कारण असायचं. आई "बरं" म्हणाली. वडील पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "झालं, आडाचा सत्कार झाला."

रविवारी सकाळी आईने बैठक सारवल्यासारखी लख्ख पुसली, सतरंजी अंथरली. स्टीलचे पेले राखेनं घासले. माठात वाळा टाकला, ताटलीत गुळाचे खडे मांडले. मग परसात गेली आणि मागच्या दाराला आतून कडी घालून वर कुलूप ठोकलं. वडिलांनी विचारलं, "हे कशाला?" ती पेले मोजायला आत गेली.

उन्हं चढल्यावर घोळका बोळात आला. दार खडखडलं. गुरुजींचा आवाज आला, "बाई, दार उघडा!"

आई परसातूनच ओरडली, "गुरुजी, कुलपाची किल्ली सापडेना! पुढून या की!"

किल्ली तिच्या पदराच्या गाठीला होती. मी तोंड दाबून हसत होते.

बाहेर जरा कुजबुज झाली. मग सगळे वळसा घालून पुढे आले. आई तबक घेऊन दारात उभी. पहिल्या आल्या एका साहेबांच्या बायको, कुठल्या तरी लांबच्या जिल्ह्यातल्या, घामाने थबथबलेल्या. त्यांनी पेला उचलून एका दमात संपवला, दुसराही मागितला. त्यांच्याबरोबरचे दोघेतिघेही प्यायले. आईचा चेहरा उजळला, पण ती बघत होती मागून आलेल्या गल्लीतल्या माणसांकडे.

गुरुजींनी पेला घेतला. हातात धरला. आडाकडे जाऊन त्यांनी बांधणी समजावली, निजामाच्या काळातला गवंडी सांगितला, पाण्याचे झरे सांगितले आणि परत येताना तो पेला भरलेलाच्या भरलेला खिडकीत ठेवून दिला. काहींनी "आत्ताच शेजारी झालं" म्हणून हात जोडले. शेजारच्या काकूंनी गुळाचा खडा उचलून तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "पाणी नगं बाई. माझा आज उपास हाय, निर्जळी."

"निर्जळीला गूळ चालतो का, काकू?" मी विचारलंच. आईने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य मी गिळलं.

घोळका गेला. तबकात पेले तसेच. दुष्काळात पाणी कोण ओतून देतं? जेवताना आम्हीच ते प्यायलो. मी म्हटलं, "साहेबांच्या बायकोने दोन पेले घेतले, बघितलंस ना?"

"त्या बाहेरच्या," आई म्हणाली. "त्यांना कुठं काय ठाऊक? ते धरायचं नाही." मग तिने ताट बाजूला सारलं. तिला इतकं खचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्या सगळ्या गल्लीचा राग राग आला.

पण मागच्या दाराचं कुलूप तिने काढलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे बोळात भांडी वाजली, दार वाजलं. आईने पुढचं दार उघडून सांगितलं, "आता इकडूनच या. आड काय कुठं गेला नाही." वडील म्हणाले, लोक नाराज होतील. ती म्हणाली, "होऊ द्या. पाण्याला मी नाही म्हटलेलं नाही."

पहिल्या दिवशी दोघीचौघीच आल्या. नंतर तहानेपुढे कुणाचं चालतं? सगळ्या यायला लागल्या. मागून येताना चपला घालून थेट आडापर्यंत जायच्या. आता उंबऱ्याबाहेर चपला काढायला लागल्या. बैठकीतून जाताना आधी कुणी मान वर करायचं नाही. मग एखादी म्हणायची, "बाई, दूध उतू जायलंय बघा." एखादी भिंतीवरच्या फोटोपाशी थबकायची. फरशी दिवसभर ओली असायची, आणि पुसायचं काम माझ्याकडे असल्यामुळे मी पुटपुटत असायचे. काकू मात्र येताना मान खाली, जाताना मान खाली.

माझी सुट्टी संपत आली तेव्हाची गोष्ट. काकू आडावरून आल्या, डोक्यावर घागर, कमरेवर कळशी. बैठकीच्या मधोमध थांबल्या. घागर उतरवली, कळशी उतरवली आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

"बाई," त्यांनी हाक मारली, "जरा प्यायला पाणी द्या."

आई स्वयंपाकघरातून दारात आली. मी फडकं घेऊन तिथेच होते. राग काही गेला नव्हता. म्हटलं, "कळशी भरलेलीय की, काकू. पाणी तेच आहे."

"हाव," त्या म्हणाल्या. "म्हाईत हाय मला." आणि माझ्याकडे न बघता आईला पुन्हा म्हणाल्या, "तुमच्या माठातलं द्या."

आईने पेला भरून आणला. काकूंनी तो दोन्ही हातांनी घेतला. आमच्याकडे लोक परक्याच्या घरी वरून पाणी पितात, भांडं ओठाला लागू देत नाहीत. काकूंनी पेला ओठाला लावला आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या.

"अजून देऊ?" आईने विचारलं.

"द्या."

आई पेला घेऊन आत गेली, ती आलीच नाही. काकू वाट बघत बसून होत्या. शेवटी मी आत गेले. आई माठापाशी उभी राहून रडत होती, पेला रिकामाच होता. मी तो तिच्या हातातून घेतला, भरला आणि बाहेर नेऊन काकूंना दिला.