दुसऱ्याच्या नावाची लोकर

काकूंच्या हातात सुया दिसल्या नाहीत की शेजारपाजार विचारायचा, "काकू, बरं नाही का?" अडतीस वर्षं त्या लोकांसाठी स्वेटर विणत होत्या. कुणाचा खांदा कुठे उतरतो, कुणाचं पोट कधीपासून सुटलंय, हे त्या माणसाच्या बायकोपेक्षा काकूंना जास्त ठाऊक. माप घेताना टेप पुढे आणून त्या नुसतं "हं" म्हणायच्या, आणि त्या "हं"मध्ये समोरच्याला आपलं वजन किती वाढलंय ते कळायचं.

घरात मात्र त्यांचा नवरा दुकानातून आणलेला स्वेटर घालायचा, तोही कोपरांवर ठिगळ लावलेला. तो बसडेपोत टाइमकीपर होता. तीस वर्षं गाड्यांच्या पाट्या वाचून वेळा लिहिल्या, त्यामुळे वाट बघण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. दर थंडीत तो विचारायचा, "अगं, मी गिऱ्हाईक म्हणून आलो तर नंबर लागेल का?" आणि दर थंडीत काकू सुयांवरची नजर न काढता म्हणायच्या, "पुढच्या वर्षी बघू." यात प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. घरचं माणूस कुठे जात नाही, गिऱ्हाईक जातं, एवढाच त्यांचा साधा हिशोब होता.

त्या वर्षी घरचं माणूस जायला निघालं. मूत्रपिंडं थकली. डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन "आता जपा" असं सांगितलं, आणि हा शब्द डॉक्टर कधी वापरतात हे न कळण्याइतक्या काकू भोळ्या नव्हत्या. म्हातारा भर दुपारी दोन पांघरुणं घेऊन खिडकीशी बसायचा आणि तरी कुडकुडायचा.

अशातच एका सकाळी कुरियरवाला जिन्यातूनच ओरडला, "काकू, मेंढरं आली तुमची!" हा त्याचा ठरलेला विनोद. लोकरीचं खोकं दिसलं की नाव वाचायच्या भानगडीत तो पडायचाच नाही. त्या गल्लीत लोकर मागवणारं दुसरं होतं कोण? काकूंनी त्याच्या यंत्रावर बोटानं सही केली आणि त्यांनीही नाव न वाचताच चिकटपट्टी कापली. वर्षानुवर्षं दोघांचं असंच चाललं होतं, आणि कधी चुकलं नव्हतं.

आत मोरपंखी रंगाच्या आठ लड्या होत्या. काकूंनी मोरपंखी मागवली नव्हती. वर एक चिठ्ठी होती: "आपण कळवलेला लॉट जुळवून पाठवत आहोत. या लॉटच्या एवढ्याच लड्या शिल्लक होत्या." मग त्यांनी खोक्यावरचं नाव वाचलं. मागच्या गल्लीत औषधांचं दुकान होतं, त्याच्या वरच्या मजल्यावरचा पत्ता. चालत पाच मिनिटं.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, लोकरच तर आहे, कंपनी पुन्हा पाठवील. काकूंना तसं म्हणायची सोय नव्हती. लोकर मोठ्या पिंपात रंगवतात, आणि एका पिंपाचा रंग दुसऱ्या पिंपाशी कधी तंतोतंत जुळत नाही. लडी हातात घेतली तर कळत नाही, स्वेटरमध्ये मात्र पट्टा उमटतो. म्हणून प्रत्येक पिंपाला नंबर असतो, त्याला लॉट म्हणतात. लॉट जुळवून मागणारीचा स्वेटर अर्धा विणून झालेला असतो. कुठेतरी कुणीतरी सुया अडकवून बसलंय, हे काकूंना खोक्यात हात घालण्याआधी कळलं होतं.

चहा पिऊन नेऊन देऊ, असं त्यांनी ठरवलं. आधण ठेवून बाहेर येतात तर म्हाताऱ्यानं खोकं मांडीवर ओढून घेतलेलं. दोन्ही हात मनगटापर्यंत लोकरीत.

"हा रंग कुणाचा गं?" त्यानं विचारलं. "माझा?"

काकू नंतर शंभरदा स्वतःशी म्हणाल्या, की तेव्हा नुसतं "नाही हो, चुकून आलंय" एवढंच म्हणायचं होतं. त्यांच्या तोंडून निघालं ते असं: "तुमचाच. लागला एकदाचा नंबर."

बाकीची सगळी कामं बाजूला टाकून त्यांनी सोळा दिवसांत स्वेटर विणून सुयांवरून उतरवला. माणूस इतका वाळला होता की आठ लड्यांत बाह्यांसकट बसला. विणताना त्या कंपनीला मनातल्या मनात शिव्या घालायच्या, मोठी कंपनी आहे, तिचं काय जातंय वगैरे. स्वतःला समजवायला माणसाला फार शहाणपण लागत नाही. पण औषधं मात्र त्या मागच्या गल्लीतलं दुकान टाळून लांबून आणायला लागल्या.

दहाव्या दिवशी कुरियरवाला रिकाम्या हातानं आला. "काकू, गेल्या आठवड्यात एखादं पार्सल जास्तीचं दिलं का हो मी? तक्रार झालीय. पोचलं म्हणून नोंद आहे, पण त्यांना मिळालं नाही म्हणतात."

त्यांच्या मांडीवर मोरपंखी बाही होती. "नाही बाबा," काकू म्हणाल्या आणि पुढचा टाका घेतला. त्यानं बाहीकडे पाहिलंही नाही. काकूंवर संशय घ्यायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. पुढच्या महिन्यापासून त्या गल्लीत दुसरा माणूस यायला लागला.

म्हातारा स्वेटर काढायलाच तयार नसायचा. डॉक्टरांना छाती दाखवायची तरी म्हणायचा, "वरूनच तपासा. बायकोनं केलाय." डॉक्टर हसायचे, काकू आत निघून जायच्या. एक दिवस दुपारी खिडकीशी बसून त्यानं बाहीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि सहज म्हणाला, "मी गेलो की हा ज्याचा त्याला देऊन टाक."

"काय बोलताय?"

"तीस वर्षं पाट्या वाचल्यात मी. खोक्यावरचं नाव मला वाचता येत नाही होय?"

"मग घातलात कशाला?"

"तू विणत होतीस ना." त्यानं पांघरूण वर ओढलं. "आणि थंडी वाजत होती गं."

सहा आठवडे त्यानं तो घातला. मग इस्पितळात गेला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी संपला. नर्सनं काकूंच्या हातात एक पिशवी दिली. तिच्यात चष्मा होता, कवळी होती आणि तो स्वेटर होता.

त्याचं ऐकायचं म्हणजे त्याच आठवड्यात औषधांच्या दुकानावरचा जिना चढायला हवा होता. काकू चढल्या नाहीत. स्वेटर उशीच्या अभ्र्यात घालून ठेवला. त्याला डोक्याच्या तेलाचा, औषधाचा आणि त्या माणसाचा वास होता. सकाळी उठल्या की त्या अभ्र्यात तोंड घालायच्या. चार महिने हेच.

मग एका रविवारी दार वाजलं. पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. शाळेत गणित शिकवतात, एवढं ऐकून काकूंना ठाऊक होतं. त्यांचं नाव तर खोक्यावर वाचलेलंच होतं.

"लोकरीचं काही अडलं तर तुमच्याकडे जा म्हणाले," असं म्हणत गणिताच्या बाईंनी पिशवीतून एक अर्धवट स्वेटर काढला. पाठ पूर्ण झालेली, समोरचा भाग छातीपर्यंत आलेला, टाके अजून सुईवर. मोरपंखी. "माझ्या ताईनं माझ्यासाठी विणायला घेतला होता. लोकर कमी पडली तेव्हा नंबर घालून माझ्या नावानं मागवली. ती आलीच नाही. ताई आजारी होती, एवढा पुरा करायचं फार मनात होतं तिच्या. रोज दारात खुर्ची टाकून बसायची. असा रंग कुठे मिळेल का हो?"

काकूंनी विणलेला भाग हातात घेतला. टाके वाचायला त्यांना चष्मा लागत नसे. पाठीचे टाके एकसारखे, मोजून पेरल्यासारखे. समोरच्या भागात हात सैल पडत गेला होता, मध्ये दोन ठिकाणी उलट्याच्या जागी सुलट पडलं होतं. आणि अगदी शेवटच्या चार ओळींची लोकर पिंजारून गेली होती. त्या ओळी पुन्हा पुन्हा उसवून विणल्या होत्या. लोकर संपली होती आणि हात थांबत नव्हते, म्हणून ती बाई त्याच चार ओळी उसवत होती आणि त्याच विणत होती.

हे गणिताच्या बाईंना दिसण्यासारखं नव्हतं. ते फक्त काकूंना दिसत होतं.

"हा लॉट आता मिळायचा नाही," काकू म्हणाल्या. यात खोटं काहीच नव्हतं. बाई मान हलवून घडी घालायला लागल्या. अजून अर्ध्या मिनिटात त्या जिना उतरल्या असत्या आणि कुणाला कधीच काही कळलं नसतं.

"बाई, तुमचं पार्सल हरवलं नव्हतं," काकू म्हणाल्या. "माझ्याकडे आलं होतं. मी ठेवून घेतलं."

बाईंना आधी अर्थच लागला नाही. मग त्यांनी विचारलं, "दुसऱ्याचं आहे हे कळलं नाही का तुम्हाला?"

"कळलं होतं. खोकं उघडलं तेव्हाच."

"पाच मिनिटांवर राहतो आम्ही."

"हो."

"बावीस दिवस बसली होती ती दारात." बाईंचा आवाज चढला नाही. मुलाचं गणित चुकलं की कुठे चुकलं ते दाखवावं, तशा त्या बोलत होत्या. "मी मोजलेत. तेविसाव्या दिवशी उठवेना तिला, आणि मग गेलीच."

नवऱ्याचं आजारपण काकूंच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते त्यांनी गिळलं. आतून अभ्रा आणला आणि स्वेटर बाईंच्या पुढ्यात ठेवला.

"हा कुणाचा?"

"आमच्या ह्यांचा."

"ते कुठे आहेत?"

"चार महिने झाले."

बाईंनी त्या स्वेटरची बाही उलगडून पाहिली. आता या म्हणतील, राहू द्या, असं काकूंना वाटलं. खरं सांगायचं तर त्यांना तशी आशाच होती. माणूस कबुली देतो तेव्हा मनात कुठेतरी माफीसाठी थाळी पुढे करून उभा असतो.

"उसवा," बाई म्हणाल्या.

काकूंनी गळपट्टीशी शेवटची गाठ शोधली, कापली आणि धागा ओढला. बाईंनी समोर बसून तो खुर्चीच्या पाठीला गुंडाळायला घेतला. आधी गळा गेला, मग खांदे, मग एकेक बाही. दोन तास हेच चाललं. शेवटी काकूंच्या मांडीवर काहीच उरलं नाही आणि खुर्चीवर नागमोडी धाग्यांचा जुडगा झाला.

"आता धुवावी लागेल," काकू म्हणाल्या, आणि इथे पहिल्यांदा त्यांचा आवाज फाटला. "त्याशिवाय वळ्या जात नाहीत."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. बहुधा समजल्या असाव्यात, कारण त्या उठून खिडकीशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि काकूंनी त्या जुडग्यात तोंड घातलं तेव्हा वळल्या नाहीत.

अर्धवट स्वेटर सुयांसकट काकूंकडेच ठेवून बाई गेल्यावर काकूंनी बादलीत कोमट पाणी घेतलं. लोकर हळूहळू भिजली. दोनदा पाणी बदलून त्यांनी ती हुंगली, तर फक्त ओल्या लोकरीचा वास आला. काकू न्हाणीघराच्या ओल्या जमिनीवर बसल्या आणि मोठमोठ्यानं रडल्या. नवरा गेला त्या दिवशी बघ्यांच्या गर्दीत त्यांना असं रडता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या कुरियरच्या कचेरीत गेल्या आणि पार्सलाचं खरं काय ते सांगून आल्या. तिथल्या साहेबानं वही उघडून पाहिलं. त्या तक्रारीनंतर कुरियरवाल्याला दुसऱ्या भागात टाकलं होतं, आणि दोन महिन्यांपूर्वी तो कामच सोडून गेला होता. कुठे, ते कुणाला माहीत नव्हतं. त्यावर काकूंना काही करता आलं नाही, आणि हे त्यांच्या मनातून कधीच गेलं नाही.

लोकर सुकल्यावर त्यांनी ताईंच्या सुया उचलल्या. पिंजारलेल्या चार ओळी उसवल्या नाहीत, चुकलेले टाके सुधारले नाहीत. त्यांच्या पुढचा टाका घेतला. ताईंचा हात सैल होता म्हणून आपलाही हात सैल सोडला. अडतीस वर्षांची घट्ट वीण मोडायला त्रास झाला.

स्वेटर घ्यायला गणिताच्या बाई आल्या तेव्हा बसल्या नाहीत. उभ्यानंच त्यांनी तो पसरून उजेडात धरला. रंगात कुठे फरक दिसेना. मग त्यांनी छातीवरून तळहात खालून वर नेला आणि मध्येच थांबल्या. पुन्हा खाली नेला, पुन्हा वर.

"इथून वर मऊ लागतंय."

"अंगावर वापरलेली लोकर आहे," काकू म्हणाल्या. "नवी लोकर अशी लागत नाही."

बाईंनी त्या जागेवर बोट ठेवलं. "म्हणजे इथपर्यंत ताई."

"हो," काकू म्हणाल्या. "आणि इथून वर आमचे हे."

बाईंनी बोट तिथेच ठेवलं. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि काकूंनीही विचारलं नाही. मग बाईंनी तो स्वेटर डोक्यातून घातला, बाह्या मनगटापर्यंत ओढल्या आणि तसाच घालून जिना उतरल्या.